बिट कुठे सुरू होतो?

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता, तेव्हा देशभरातली माणसे पडद्यावरच्या दोन-तीन आकड्यांकडे आणि एका वक्ररेषेकडे डोळे लावून बसली होती. उंची इतकी, उभा वेग इतका, आडवा वेग इतका. आकडा बदलला की जीव भांड्यात पडायचा. चार वर्षांपूर्वी, 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, चांद्रयान-2 च्या लँडरचे 2.1 किलोमीटर उंचीपर्यंत सगळे ठीक होते आणि मग संपर्क तुटला, ही घोषणा याच लोकांनी ऐकली होती. टेलिमेट्री हा शब्द ज्यांनी आयुष्यात उच्चारला नव्हता त्यांनाही तिचे मोल त्या दोन प्रसंगांनी समजावून दिले. या पुस्तकाचा विषय त्या आकड्याच्या प्रवासातला एकच टप्पा आहे, आणि त्याचे नाव बातम्यांत कधी येत नाही.

यानावरचे सेन्सर दाब, तापमान, वेग मोजतात. प्रत्येक मोजमापाचा ठराविक लांबीचा आकडा होतो, ते आकडे ठरलेल्या क्रमाने एकामागोमाग मांडले जातात आणि शून्य-एकांची ती अखंड माळ रेडिओलहरीवर चढवून पाठवली जाते. जमिनीवरचा अँटेना ती लहर पकडतो, रिसीव्हर त्यातून संदेश वेगळा काढतो. इथवर आल्यावर हातात शून्य-एक पडतात असा बहुतेकांचा समज असतो. तसे होत नाही. हातात येतो तो हेलकावे खाणारा, गोंगाटाने खरबरीत झालेला एक व्होल्टेज. एक बिट कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला याची त्यात कसलीही खूण नसते. पाठवणाऱ्याचे घड्याळ तिकडे यानातच राहिलेले असते. त्या व्होल्टेजमधून ते घड्याळ पुन्हा उभे करायचे आणि त्याच्या ठोक्यावर एकेका बिटचा निवाडा करायचा, हे काम बिट सिंक्रोनायझरचे. कामावरची माणसे त्याला नुसते बिट सिंक म्हणतात. इथून पुढे मीही तेच म्हणेन.

ज्यांनी मोडी दस्तऐवज वाचायचा प्रयत्न केला आहे त्यांना यातली अडचण चटकन कळेल. लेखणी न उचलता ओढलेल्या त्या ओळीत शब्द सुटे नसतात. शब्द कुठे तुटतो हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही, आणि अर्थाचा थोडा अंदाज आल्याशिवाय शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. बिट सिंकपुढचे कोडे नेमके असेच फिरते आहे. बिट ओळखायला त्याच्या सीमा माहीत हव्यात. सीमा सापडतात त्या शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना. माळेत सलग शंभर शून्ये आली तर बदलच होत नाही आणि सीमा दिसायची सोय उरत नाही. तेवढा वेळ आतल्या घड्याळाने आपल्या अंदाजावर चालत राहायचे असते.

निवाड्याची रीत ऐकायला सोपी आहे. बिटच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्होल्टेजची बेरीज करत जायचे. गोंगाट कधी अधिक, कधी उणा, त्यामुळे बेरजेत तो बराचसा आपापसांत फिटतो. संदेश मात्र साचत जातो. बिट संपला की बेरीज शून्याच्या वर आहे की खाली एवढे बघायचे, निकाल द्यायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. आता समजा घड्याळ चौथाई बिटने सरकले आहे आणि शेजारचा बिट उलटा आहे. मग बेरजेचे तीन हिस्से बरोबर येतात, एक हिस्सा उलटा येतो आणि हाती उरते निम्मी बेरीज. संदेश पाठवायला यानाने खर्च केलेल्या शक्तीपैकी तीन चतुर्थांश त्या बिटपुरती वाया गेली. अँटेनाचा व्यास निम्मा केला असता तरी एवढेच नुकसान झाले असते. बिटची ऊर्जा आणि गोंगाटाची घनता यांचे गुणोत्तर 9.6 डेसिबल असेल तर आदर्श यंत्र लाख बिटांत सरासरी एक चुकते. चांगल्या बिट सिंकने या आदर्शापासून एका डेसिबलच्या आत राहावे, अशी या धंद्यातली जुनी अपेक्षा आहे. ती पाळणे किती अवघड, हे पुस्तकभर दिसेल.

टेलिमेट्रीचा जन्म मात्र बिटांशिवाय झाला. सोव्हिएत संघात पाव्हेल मोल्चानोव्ह यांनी 1930 मध्ये फुग्याला टांगून रेडिओसोंड सोडले, त्यात बिट नव्हते. 1957 च्या स्पुटनिकचा प्रसिद्ध बीप-बीप आवाज हीदेखील प्राथमिक टेलिमेट्रीच होती: आतला दाब किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले तर स्पंदांची लांबी बदलेल अशी योजना होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या क्षेपणास्त्र चाचण्यांत प्रत्येक मोजमापाला आपापली उपवाहक लहर दिलेली असे आणि मोजमाप जसे बदलेल तशी तिची वारंवारता बदले. तिथे घड्याळाची गरज नव्हती. मोजमापांची संख्या शेकड्यांत गेली, अचूकता एका टक्क्याच्या खाली हवी झाली, तेव्हा ही पद्धत अपुरी पडू लागली. अ‍ॅलेक रीव्ह्ज यांना 1937 मध्ये पॅरिसमध्ये सुचलेली पल्स कोड मॉड्युलेशनची, म्हणजे पीसीएमची कल्पना ट्रान्झिस्टर येईपर्यंत व्यवहारात फारशी उतरली नव्हती. टेलिमेट्रीत ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस आणि 60 च्या दशकात शिरली आणि तिच्याबरोबर बिट सिंकही आला. अमेरिकेतल्या चाचणी-क्षेत्रांनी मिळून केलेले आयरिग 106 हे प्रमाण आजही जगभरच्या क्षेपणास्त्र आणि विमान चाचण्यांचा पाया आहे. त्यातले पीसीएमवरचे प्रकरण वाचताना जाणवते की निम्मे नियम पाठवणाऱ्यासाठी असले तरी ते लिहिले गेले आहेत ते ऐकणाऱ्याच्या बिट सिंकची दया येऊन.

अंतराळयानांची वाट थोडी वेगळी. मरीनर 4 ने जुलै 1965 मध्ये मंगळाची पहिली जवळून घेतलेली छायाचित्रे पाठवली ती सेकंदाला 8⅓ बिट या वेगाने. एक छायाचित्र म्हणजे 200 गुणिले 200 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला 6 बिट. हिशेब केला तर एका चित्राला आठ तास. एकेक बिट 120 मिलिसेकंदांचा. इतक्या मंद गतीत घड्याळ सांभाळणे सोपे असेल असे वाटते, पण संदेश इतका क्षीण होता की बिटाची सीमा डोळ्यांना दिसण्याची सोयच नव्हती. म्हणून सुरुवातीच्या मरीनर यानांत घड्याळाची खूण पाठवायला वेगळा चॅनेल ठेवला होता. यानाकडे शक्ती आधीच जेमतेम, आणि तिचा एक वाटा नुसती वेळ सांगण्यात जाणार! हा खर्च वाचवायचा तर घड्याळ डेटातूनच शोधायला हवे. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत या प्रश्नाभोवती जी माणसे जमली त्यांत सॉलोमन गोलोम्ब होते, अँड्र्यू व्हिटर्बी होते, विल्यम लिंडसे आणि मार्व्हिन सायमन होते. मोबाइल फोनच्या आत आज चालणारे अर्धे गणित त्या गरजेतून निघाले, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

जमिनीवरच्या चाचणी-क्षेत्रांत अडचण क्षीण संदेशाची नव्हती, चुंबकीय टेपची होती. चाचणी एकदाच होते, म्हणून सगळे टेपवर नोंदले जाई आणि नंतर सावकाश वाजवले जाई. टेप फिरवणारी मोटर कितीही चांगली असली तरी तिची गती किंचित डळमळते, आणि टेप डळमळली की बिटचा वेगही डळमळतो. शिवाय सरळ पद्धतीने नोंदणाऱ्या टेपला स्थिर व्होल्टेज नोंदता येत नाही; सलग शून्यांची लांब रांग तिच्यावरून वाजवली की तिचा पायाच घसरत जातो. यावर उपाय म्हणून वेगवेगळी कोडिंगे आली. मँचेस्टर पद्धतीत प्रत्येक बिटच्या मध्यावर बदल सक्तीचा, म्हणून घड्याळाला खाद्य भरपूर, पण बँडविड्थ दुप्पट लागते. मिलर कोड त्यातला मधला मार्ग. मग एक नामी युक्ती निघाली: पंधरा घरांच्या शिफ्ट रजिस्टरमधून माळ फिरवून ती मुद्दाम विस्कटायची, म्हणजे लांब रांगा आपोआप मोडतात, आणि पलीकडे तशाच रजिस्टरने ती पुन्हा सरळ करायची. बँडविड्थ वाढत नाही. किंमत एवढीच की वाटेत एक बिट चुकला तर सरळ करताना त्याच्या तीन चुका होतात. ही पद्धत अजूनही रोजच्या वापरात आहे आणि चुका तीन-तीनच्या टोळीने का येतात असे विचारणारा नवा माणूस प्रत्येक स्टेशनवर दरवर्षी एक तरी भेटतो.

त्या काळचा बिट सिंक म्हणजे रॅकमध्ये बसवलेला पेटारा. समोरच्या पॅनेलवर बिटरेट भरायची थंबव्हील, कोड निवडायचा नॉब, लूप बँडविड्थचा नॉब आणि एक लॉकचा, म्हणजे घड्याळ जुळल्याचा, दिवा. शेजारी ऑसिलोस्कोप. त्यावर सगळे बिट एकमेकांवर रचले की डोळ्याच्या आकाराची जी आकृती दिसते ती उघडी आहे की मिटत चालली आहे, यावर ऑपरेटरचे लक्ष. लॉक लागला की दिवा लागे, लॉक सुटला की खोलीतली बोलणी थांबत.

या नॉबांपैकी लूप बँडविड्थच्या नॉबवर मला इथे थोडे रेंगाळायचे आहे, कारण पुस्तकाचा निम्मा गाभा त्यात आहे. बिट सिंकच्या आत एक फेज-लॉक लूप असतो. आलेल्या बदलांशी तो आपले घड्याळ ताडून पाहतो. पुढे असेल तर किंचित मागे घेतो, मागे असेल तर पुढे ढकलतो. किती झटकन ढकलायचे ते बँडविड्थ ठरवते. ती अरुंद ठेवली की लूप शेकडो-हजारो बिटांची सरासरी पाहूनच हलतो. गोंगाटाने तो विचलित होत नाही, पण समोरचा वेग खरोखर बदलला तर त्याला ते उशिरा कळते, किंवा कळतच नाही. रुंद ठेवली तर तो प्रत्येक बदलामागे धावतो आणि गोंगाटामागेही धावतो. जुन्या पेटाऱ्यांवर ही निवड बिटरेटच्या शतांश टक्क्यापासून एक-दोन टक्क्यांपर्यंत असे. टेप वाजवायची तर रुंद, उपग्रह ऐकायचा तर अरुंद, असे अनुभवाने ठरलेले. फ्लॉइड गार्डनर यांचे फेज-लॉकवरचे 1966 चे पुस्तक या निवडीचे शास्त्र शिकवते. तिची सवय मात्र हाताला लागावी लागते.

ती सवय नसली, किंवा तो नॉबच कुठे दिसत नसला, तर काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण शनीजवळचे आहे. कॅसिनी यान ऑक्टोबर 1997 मध्ये निघाले तेव्हा त्याच्या पाठीवर टायटन या चंद्रावर उतरणारे युरोपचे हायगेन्स यान होते. हायगेन्सने उतरता उतरता कॅसिनीला डेटा सांगायचा, कॅसिनीने तो साठवून पृथ्वीला पाठवायचा. दोघांमधला सापेक्ष वेग सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या घरातला. त्यामुळे दोन गिगाहर्ट्‌झच्या वाहक लहरीत सुमारे 38 किलोहर्ट्‌झचा डॉप्लर फरक पडणार हे सर्वांना माहीत होते आणि रिसीव्हर तो झेलेल अशी तजवीज केलेली होती. पण डॉप्लर फक्त वाहकाला लागत नाही. लहरीवर बसलेल्या बिटांचा वेगही त्याच प्रमाणात बदलतो. सेकंदाला 8192 बिटांच्या प्रवाहात हा फरक जेमतेम 0.15 बिटचा. कॅसिनीवरच्या रिसीव्हरमधल्या बिट सिंकचा लूप एवढाही फरक झेलणार नाही इतका अरुंद ठेवलेला होता. त्याची रुंदी ठरवणारा आकडा फर्मवेअरमध्ये होता आणि उड्डाणानंतर पृथ्वीवरून त्याला हात लावता येत नव्हता. उड्डाणापूर्वी सगळी परिस्थिती हुबेहूब उभी करून चाचणी घेतली असती तर हे दिसले असते. ती घेतली गेली नव्हती.

युरोपीय अंतराळ संस्थेचे स्वीडिश अभियंते बोरिस स्मेड्स यांनी फेब्रुवारी 2000 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावरून कॅसिनीला हायगेन्ससारखा बनावट संदेश पाठवला. चाचणीत वाहकाबरोबर डेटालाही डॉप्लर द्यायचा, हा आग्रह त्यांचा. वाहक व्यवस्थित पोचला. डेटा फाटून गेला. पुढचे वर्ष-दीड वर्ष दोन खंडांतल्या अभियंत्यांनी यावर डोके चालवले आणि शेवटी सापडलेला उपाय बिट सिंकमधला नव्हताच, आकाशातला होता. कॅसिनीची कक्षा बदलली. टायटनजवळून सुमारे 1,200 किलोमीटरवरून जाण्याऐवजी ते 60 हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून गेले, म्हणजे हायगेन्सकडून येणारा संदेश त्याच्या प्रवासाच्या दिशेला जवळजवळ काटकोनात राहिला आणि डॉप्लर घटला. 14 जानेवारी 2005 ला हायगेन्स टायटनवर उतरले आणि डेटा आला. रिसीव्हरच्या फर्मवेअरमधला एक आकडा आधी बदलला असता तर वाचले असते असे हे काम, पण त्यासाठी एका अब्जावधी डॉलरच्या यानाला वेगळ्या वाटेने न्यावे लागले. या कथेची आणखी एक बाजू आहे. दोन चॅनेलांपैकी एकाचा रिसीव्हर तयार करण्याची आज्ञा यादीतून सुटली होती, त्यामुळे निम्मी, म्हणजे सुमारे 350 छायाचित्रे कायमची गेली. वाऱ्याचे मोजमापही गेले असते. पण पृथ्वीवरच्या ग्रीन बँक आणि पार्क्ससारख्या रेडिओ दुर्बिणींनी त्याच चॅनेलची नुसती वाहक लहर थेट ऐकली होती आणि तिच्या डॉप्लरवरून वाऱ्याचा वेग काढता आला. बिट वाचता येण्याइतकी ताकद त्या संदेशात पृथ्वीपर्यंत उरली नव्हती. वाहक ऐकू येणे आणि बिट हाती लागणे यांत किती अंतर आहे ते इथे दिसते.

हाच धडा पुणे जिल्ह्यातही एकदा गिरवला गेला आहे. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना जुन्नर तालुक्यात खोडदजवळची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, आपली जीएमआरटी, त्याची वाहक लहर ऐकत होती. पंचेचाळीस मीटर व्यासाचे तीस अँटेना, आणि समोर कोट्यवधी किलोमीटरवरचा एक छोटा ट्रान्समीटर. लहर सापडली, तिच्या डॉप्लरवरून उतरण्याचा वेग कळत राहिला आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी ती नाहीशी झाली. काहीतरी बिघडले हे खोडदला कळले. काय बिघडले ते कळायला बिट लागले. ट्रेस गॅस ऑर्बिटर या जोडीच्या यानाने नोंदलेल्या टेलिमेट्रीतून पुढे निष्पन्न झाले की, फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकले, त्यावरून संगणकाने उंची शून्याच्याही खाली काढली आणि पॅराशूट वेळेआधी सुटले.

आता बिट सिंकच्या बदलत्या भूमिकेकडे. गॅलिलिओ यानाची मोठी अँटेना 1991 मध्ये उघडलीच नाही, तेव्हा गुरूचा सगळा डेटा छोट्या अँटेनावरून, सेकंदाला काही दहा ते शे-दीडशे बिटांनी आणायची वेळ आली. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने तेव्हा जे केले त्याने बिट सिंकचा स्वभावच बदलला. आलेला संदेश आधी नमुन्यांच्या रूपात नोंदून ठेवायचा आणि बिटांचा निवाडा नंतर, सॉफ्टवेअरमध्ये करायचा. पेटाऱ्यातल्या लूपला एकच संधी मिळते. लॉक लागेपर्यंतचे बिट हातचे जातात. नोंदलेला संदेश मात्र पुन्हा चालवता येतो, वेगळ्या बँडविड्थने चालवता येतो, अगदी शेवटाकडून सुरुवातीकडे उलटाही चालवता येतो, म्हणजे लॉक लागण्याआधीचा तुकडाही हाती लागतो. घाईने निकाल देणारे यंत्र आता फेरतपासणी करू लागले.

त्याच सुमारास डिजिटल रिसीव्हरचे गणितही परिपक्व झाले होते. म्यूलर आणि म्यूलर यांची 1976 ची पद्धत बिटमागे एका नमुन्यावर भागवते. गार्डनर यांची 1986 ची पद्धत दोन नमुने मागते, पण वाहकाची फेज माहीत नसली तरी चालते. ओर्डर आणि मायर यांनी 1988 मध्ये लूपच काढून टाकला: तुकड्यातले सगळे नमुने वर्ग करून एकदम वेळ काढायची. या तीन वाटांचे चाहते अजून एकमेकांशी भांडतात. माझे मत असे की सतत चालणाऱ्या प्रवाहाला लूप बरा आणि तुटक-तुटक येणाऱ्या संदेशाला तुकड्याची पद्धत. बाकीचे भांडण बरेचसे सवयीचे आहे.

विमान आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांत रेटा वेगळा आला. 1990 च्या दशकात अमेरिकेत टेलिमेट्रीच्या एस-बँडचा एक भाग उपग्रह रेडिओसारख्या सेवांकडे गेला, आणि त्याच वेळी डेटाची भूक वाढत होती. कमी जागेत जास्त बिट बसवणारी नवी मॉड्युलेशने आयरिग 106 मध्ये आली. त्यांत एका बिटचा ठसा पुढच्या कित्येक बिटांवर पसरलेला असतो. एकेक बिट सुटा काढून बेरीज करण्याची जुनी रीत तिथे चालत नाही. अनेक बिटांचा मिळून निवाडा करणारे डिटेक्टर आले आणि त्यांनी जुन्या पीसीएम-एफएम पद्धतीलाही सुमारे तीन डेसिबलचा फायदा करून दिला. रिसीव्हर आणि बिट सिंक यांच्यामधली तार त्या दिवशी कापली गेली. दोघे एकाच एफपीजीए चिपमध्ये गेले आणि रॅकमधला पेटारा अडगळीत गेला.

मग उरले काय? उरला तो निवाडा, आणि त्याचे स्वरूप पालटले. आजचे कोडिंग इतके जोरकस आहे की डीकोडरच्या आधी दर दहा बिटांत एखाददुसरा चुकीचा असला तरी शेवटचा संदेश निर्दोष निघू शकतो. अशा संदेशात बिट सिंकने ठाम शून्य-एक सांगून टाकले तर उलट नुकसान होते. त्याने सांगायचे ते हे की बहुधा एक, आणि माझी खात्री इतकी. पूर्वी निकाल द्यायचा, आता मत द्यायचे. एकाच क्षेपणास्त्राला किनाऱ्यावरून, जहाजावरून आणि बेटावरून तीन-चार स्टेशने ऐकत असतात, तेव्हा कुणाचा प्रवाह कोणत्या क्षणी विश्वासाचा, हेही आता याच खात्रीच्या आकड्यावरून ठरते. तो आकडा डेटाबरोबरच नेटवर्कच्या पाकिटात बांधून पाठवायची रीत प्रमाणात आली आहे. पण ज्याने तो काढला त्याचा लूप घसरलेला असेल तर तो आकडाही घसरलेला असतो, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

माझी काळजी इथे आहे, आणि हे पुस्तक लिहायचे कारणही हेच. बिट सिंक हा पेटारा होता तेव्हा त्याची गृहीतके पॅनेलवर दिसत होती. बिटरेट किती, कोड कोणता, लूप किती रुंद, हे कुणीतरी हाताने ठरवत असे आणि चुकले तर त्याला बोलणी खावी लागत. आता मेनूमध्ये ‘ऑटो’ असा एक शब्द असतो. तो बहुतेक वेळा बरोबर वागतो. कॅसिनीवरचा बिट सिंकही, गोल्डस्टोनवरून डॉप्लर येईपर्यंत, सगळ्या चाचण्यांत बरोबरच वागला होता.

दुसरीकडे, हे यंत्र कधी नव्हे इतके सर्वांच्या हातात आले आहे. टीव्हीसाठी बनवलेल्या स्वस्त डोंगलने उपग्रह ऐकता येतात हे 2012 च्या सुमारास उमगले, तेव्हापासून गच्चीवर अँटेना धरून बसणाऱ्या मुलांची पिढीच तयार झाली. ग्नू रेडिओसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिट सिंक हा एक चौकोन असतो. माउसने ओढून आणायचा, दोन तारा जोडायच्या. 2016 मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा प्रथम हे उपग्रह पीएसएलव्हीवरून गेले. असे उपग्रह बनवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मुलांना त्या चौकोनाच्या आत काय आहे हे विचारावेसे वाटते, पण अभ्यासक्रमातल्या पुस्तकांत मॉड्युलेशनची पन्नास पाने असतात आणि वेळ अचूक माहीत आहे असे समजून पुढे जाण्याची एक ओळ. त्या एका ओळीच्या जागी हे पुस्तक आहे.

ते कुणासाठी आहे हेही सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला ते झेपावे; चाचणी-क्षेत्रावर दहा वर्षे काढलेल्या तंत्रज्ञाला गणिताची पाने उलटून पुढे जाता यावे. 2021 पासून काही महाविद्यालयांत अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात झाली आहे, त्यांनाही हाताशी काहीतरी असावे. भाषा कामावरची ठेवली आहे: लॉक, लूप, जिटर, फ्रेम हे शब्द तसेच आहेत, कारण रात्री दोन वाजता कन्सोलवर तेच बोलले जातात. वाहक लहरीचे सिंक आणि फायबर ऑप्टिकमधले घड्याळ हे दोन मोठे शेजारी विषय मुद्दाम बाहेर ठेवले, नाहीतर हे पुस्तक संपले नसते. इतिहासाला जागा जास्त गेली आहे, याची मला कल्पना आहे. मोडीत निघालेल्या टेपवर इतकी पाने कशाला, असे एका सहकाऱ्याने हस्तलिखित वाचून विचारलेही. टेपची डळमळ गेली पण वळणे घेणाऱ्या विमानाची डळमळ आहेच, आणि लूपला दोन्ही सारख्याच दिसतात, असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाले नाही.

वाचताना लूपचे प्रकरण सोडू नये; बाकीची कुठल्याही क्रमाने चालतील. प्रत्येक प्रकरणाबरोबर नोंदलेल्या संदेशाच्या नमुना फाइली आहेत आणि त्या चालवायला साधा लॅपटॉप पुरतो. फाइलींच्या यादीत बिटरेट, कोड आणि डॉप्लर छापला आहे. त्यातल्या काही फाइलींच्या समोरचा आकडा मी जाणूनबुजून किंचित चुकीचा छापला आहे. कोणत्या, ते परिशिष्टातही दिलेले नाही.